बोट ठेवणारी

नालवोगाला सगळं तोंडपाठ होतं.
हरवलेलं मेंढरू, खडकावर पडलेलं बी,
वादळात होडीच्या मागच्या टोकाला
खुशाल झोपलेला तो.
मुटुबाच्या झाडाची साल मोगरीनं ठोकता ठोकता
ती पुटपुटायची,
आणि सालीचं कापड होत जायचं,
तांबूस, मऊ, रोजच्या पायवाटेसारखं.

बुगांडातल्या त्या टेकडीवर
बोरूच्या भिंतींची एक खोली होती.
आपल्याकडे ज्याची लेखणी होते
तो बोरू तिथं भिंत होऊन उभा.
आत एकच तक्ता जमिनीवर पसरलेला:
बा, बे, बी, बो, बू.
भोवती गोल करून चाळीस माणसं.

गुरुजी एरिसा. वय एकोणीस.
त्यानं तिच्या हाती पान दिलं.
ती घडाघडा म्हणाली.
त्यानं पान बदललं.
तिचं मेंढरू अजून हरवलेलंच होतं.
"ही आठवण झाली, आजी. वाचन नव्हे.
वाचता आल्याशिवाय बाप्तिस्मा नाही."

"त्यानं आंधळ्याला बरं केलं,
तेव्हा आधी तक्ता दाखवला होता का?"

एरिसानं कान खाजवला.
बराच वेळ खाजवला.
मग म्हणाला, "नाही.
पण डोळे आल्यावर त्या माणसानं
पुन्हा कुणाला विचारलं नसेल,
माझा हात धरून सांग,
हा समोर उभा आहे तो कोण."

ती तणतणत घरी गेली.
चार दिवस मोगरीचा आवाज
टेकडीपलीकडे ऐकू येत होता.
पाचव्या दिवशी आली
आणि जिथं जागा मिळाली तिथं बसली,
तक्त्याच्या पार वरच्या अंगाला.
तिथून अक्षरं डोक्यावर उभी दिसत.
तिला वाटलं, ती अशीच असतात.

दोन पावसाळे गेले.
कवड्या मोजून, वर एक कापड देऊन
तिनं पुस्तक घेतलं. घरी ते उलटं धरायची.
पोरं हसायची. ती वाचायची.

मग नवरा गेला.
दीर सेब्वाटो आला, चार पंच घेऊन.
चटईवर त्यानं पुस्तक उघडलं, स्वतःकडे तोंड करून,
एका ओळीवर बोट दाबलं:
"इथं लिहिलंय. विधवेची केळीची बाग दिराकडे जाते."
पंचांनी माना हलवल्या.
पुस्तकात असेल तर असेल.
पुस्तकावर बोट कोण ठेवणार?

नालवोगा समोरच्या बाजूला बसली होती.
आणि समोरून अक्षरं आली
तिच्या ओळखीची, डोक्यावर उभी, एकूण एक सरळ.
"बोट काढू नकोस," ती म्हणाली.
"या ओळीत दोघं भाऊ जाळी सांधतायत.
बाग कुठाय यात?"

कुणीतरी खोकलं.
तिनं वाकून पानं उलटली, हळू,
ठोकून ठोकून वाकडी झालेली बोटं थुंकीनं भिजवत,
आणि मोठ्यानं वाचलं,
लांबलचक प्रार्थना करून
विधवांची घरं गिळणाऱ्यांविषयी तो काय म्हणाला ते.
अडखळली. पुन्हा मागे गेली. पुन्हा वाचलं.
तोंडपाठ नव्हतं ते.

बाग राहिली.
बाप्तिस्म्याला तिनं डामाली नाव घेतलं.
त्या दिवशी एरिसानं पुस्तक सुलटं करून तिच्यासमोर धरलं.
तिनं ते हळूच फिरवून घेतलं.

हे मला सांगितलं तिच्या पणतीनं,
किसाचेनं. ती तिथल्या शाळेत गणित शिकवते.
म्हणाली, आमच्याकडे वाचणं आणि देवाला भजणं
दोन्हीला शब्द एकच.
मी म्हटलं, माझ्या भाषेतही आहे असं काहीसं:
जो वाचतो, तो वाचतो.
अर्थ सांगितला, दोन्ही वेळचा.
ती हसेल असं वाटलं होतं.
ती म्हणाली, लिहून दाखव.

टेबलावर कागद ठेवून मी लिहिलं.
ती समोर बसली होती.
कागद तिच्याकडे फिरवू लागले,
तर तिनं त्यावर हात ठेवला:
राहू दे.